पिझ्झा करा, पिझ्झा!

“काय गं, कालपासून हाका मारतेय, असतेस कुठे? ये अशी भिंतीशी. चॉकलेटं आणलीत तुझ्या पोरांना.”

“काकू! कधी आलात म्युनिकहून? आणि हे काय, थंडीतून आलात की उन्हाळ्यातून? केवढ्या रापलात!”

“बर्फावरचं ऊन, बाई. खालून-वरून दोन्हीकडून भाजतं.”

“म्हणजे तुम्ही स्कीइंग केलंत?”

“मी कसली करतेय! मला आपल्या बाथरूमची ओली फरशी झेपत नाही. मी नातवंडांच्या राखणीला. तिकडे बव्हेरियात फेब्रुवारीच्या आसपास कार्निव्हलची आठवडाभर सुट्टी असते शाळांना. लेक म्हणाली, आई, आलीच आहेस तर चल. झालं, निघालो. अख्खं म्युनिक त्याच दिवशी त्याच रस्त्याने ऑस्ट्रियाकडे निघतं. गणपतीत आपली मंडळी कोकणात निघतात ना, तोच प्रकार. फक्त टपावर पाटाऐवजी स्की.”

“कुठे उतरलात?”

“सेंट अँटनला. आर्लबर्ग म्हणतात त्या भागाला. खरं तर पट्टीच्या लोकांचं गाव ते. वल्लुगाचं शिखर २,८०० मीटरच्या वर आहे, तिथून लोक येतात खाली. पण गावाच्या एका टोकाला नासेराइन म्हणून वस्ती आहे, तिथे नवशिक्यांसाठी बेताचे उतार आहेत. आता खरी गंमत ऐक. पण हळू बोल हं, आमचे हे आत पेपर वाचतायत आणि जावयाविरुद्ध एक अक्षर त्यांना खपत नाही.”

“सांगा, सांगा.”

“पोरांच्या स्कीच्या क्लासला आठवड्याचे एकेकाचे काहीशे युरो.”

“अगं बाई! हजारोंच्या घरात गेलं की!”

“शिवाय बूट, स्की, हेल्मेट भाड्याने, ते वेगळं. जावई म्हणाले, कशाला? मी शिकवतो. त्यांना येतं हो तसं, ऑफिसच्या मित्रांबरोबर जातात. पण स्वतःला येणं वेगळं आणि सहा वर्षांच्या पोराला शिकवणं वेगळं. कमरेला एक पट्टा बांधला, दोन दोऱ्या जावयांच्या हातात, पोरगं पुढे. पोराला काय, पाठीशी बाबा आहे म्हटल्यावर ते मस्त मागे रेलून बसलं. आणि स्कीमध्ये म्हणे वजन पुढे हवं, नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकायला हवी. मागे रेललं की स्की ऐकतच नाहीत. जावई ओरडतायत ‘पुढे वाक’, तो म्हणतोय ‘तूच ओढतोयस’. शेवटी दोघंही आडवे. एकाने हेल्मेट फेकलं, दुसऱ्याने चष्मा.”

“चष्मा कुणी फेकला?”

“ते विचारू नकोस.”

“आणि धाकटी?”

“चार वर्षांची ती. बर्फात बसून बर्फ खात होती. मग लेकीने काही न बोलता दोघांची नावं क्लासला घातली. लेक माझी आहे.”

“पण इतक्या लहान पोरांना घेतात?”

“साडेतीन-चारपासून घेतात. रंगीत बंड्या घालतात अंगावर, म्हणजे कोण कुठल्या गटातलं ते लांबून कळावं. सकाळी दहा ते बारा, मग तिथेच जेवण, मग पुन्हा दुपारी. हातात काठ्या देतच नाहीत सुरुवातीला. आधी पाय कळू देत म्हणतात. आणि चढ चढायला जमिनीवर सरकता पट्टा असतो. झाउबरटेपिश म्हणतात त्याला, जादूचा गालिचा. पोरं त्यावर ओळीने उभी, गणपतीच्या मूर्ती दुकानात मांडाव्यात तशी मख्ख, आणि आपोआप वर.”

“हेल्मेट लागतंच?”

“त्याशिवाय उभं करत नाहीत. पलीकडे इटलीत तर अठराच्या आतल्यांना २०२२पासूनच कायद्याने सक्ती होती, आता २०२५च्या हिवाळ्यापासून सगळ्यांनाच आहे. आणि कुणी मोर्चा काढलेला नाही.”

“पुण्यात या म्हणावं!”

“आणखी एक नियम ऐक. उतारावर जो पुढे आहे त्याचा हक्क पहिला. त्याला सांभाळायचं काम मागून येणाऱ्याचं. धडक बसली तर चूक मागच्याची.”

“लक्ष्मी रोडवर लावा की हो हा नियम.”

“लक्ष्मी रोडवर मागचा कोण आणि पुढचा कोण, तेच आधी भांडून ठरवावं लागेल. तर क्लासला एक जाळी आहे. जाळीच्या आत पोरं, बाहेर आपण. आणि बाहेर म्हणजे जाळीला नाक लावून नव्हे. क्लासच्या बाई आल्या आणि हसत हसत म्हणाल्या, तीनला या. मी म्हटलं, पण पोर रडतंय. त्या म्हणाल्या, तुम्ही दिसताय म्हणून रडतंय.”

“असं तोंडावर?”

“अगदी! मी काय ऐकतेय, मी जरा आडोशाला उभी राहिले, चहाच्या टपरीपाशी. आणि खरंच गं. पाच मिनिटांत धाकटीने डोळे पुसले. आपली पोर मराठीत रडते आणि जर्मनमध्ये ऐकते! बाई ओरडल्या ‘पिझ्झा!’ आणि ही, टोकं जवळ, मागच्या टाचा लांब, अशी स्कीचा त्रिकोण करून उभी राहिली. तो त्रिकोण म्हणजे ब्रेक. आतल्या कडा बर्फात रुततात. मग ‘पोमेस!’ म्हटलं की दोन्ही स्की समांतर. पोमेस म्हणजे फ्रेंच फ्राइज. की निघाली सुसाट.”

“पडली नाही?”

“पडली की! आणि बाईंनी उचललं नाही. माझा जीव वरखाली. त्या शेजारी बसल्या आणि दाखवलं: आधी स्की उताराला आडव्या कर, मग हात टेक, मग ऊठ. पोरीने दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा उठली. घरी मोजा घालायला हात-पाय आपटते ती!”

“मोजे तरी दोन-दोन घातले होतेत ना थंडीत?”

“एकच, लांब आणि पातळ. दोन घातले की घड्या पडतात, फोड येतात, रक्त खेळत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. दुकानातला माणूस तर वजन, उंची, सराव किती, सगळं विचारतो. त्यावरून बाइंडिंग लावतो, म्हणजे पडल्यावर स्की बुटातून वेळेवर सुटावी आणि पाय मुरगळू नये. सगळ्याचं शास्त्र आहे. फक्त पाच कपड्यांच्या आतून शी-शू कशी करवायची याचं शास्त्र कुणी काढलेलं नाही. ते खातं आजीकडे.”

“आम्ही गुलमर्गला गेलो होतो, काकू. तिथे स्की पायात अडकवली, फोटो काढला, उतरलो. मग गोंडोलाने वर.”

“अगं, गुलमर्गला सरकारी संस्था आहे स्कीइंग शिकवणारी, दिवसचे दिवस कोर्स चालतात. आपण जातो फोटोला. आणि तिकडे सेंट अँटनला बघ, मला दहा ते तीन मोकळीक, तर एका दुपारी म्युझियम पाहिलं. त्याच गावात हान्नेस श्नायडर म्हणून माणूस होता. १९२१च्या सुमारास स्कीची शाळा काढली त्याने. आधी नांगरासारखा त्रिकोण, मग त्यातून वळण, मग पाय जवळ, अशा इयत्ता लावल्या. जगभर गेली ती पद्धत. त्यालाच १९३८ला नाझींनी तुरुंगात टाकलं. पुढच्या वर्षी तो बायकापोरांसह अमेरिकेला गेला आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पुन्हा शिकवायला लागला.”

“म्हणजे पिझ्झ्यालाही इतिहास आहे!”

“आहे तर! तर शुक्रवारी शर्यत. दोन-चार झेंड्यांमधून यायचं, पदक सगळ्यांना. त्या दिवशी मात्र आईबापांना जाळीशी बोलावतात. थोरला झोकात आला. आणि जावयांचं तोंड! खूश तर होते, पण आपल्याकडून जे झालं नाही ते त्याच्या पोरसवद्या मास्तराने आठवड्यात केलं, हे काही गिळवत नव्हतं. म्हणाले, चल, आता एकदा आपण दोघं उतरू. उतरले. मी खाली उभी. पोरगं खाली येऊन थांबलं, मागे वळून बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणालं, ‘बाबा, तुझा पिझ्झा कच्चा आहे.’”

“अरे देवा! मग?”

“मग काय. पुढच्या वर्षी मोठ्यांच्या क्लासला नाव घालतायत. लेकीने शपथ घातलीय, कुणाला सांगायचं नाही.”

“मी कुणाला सांगतेय!”

“आणि हो, तू त्या पोहण्याच्या क्लासला काठावर बसून ‘पाय मार, पाय मार’ ओरडतेस ना, ऐकू येतं मला सकाळी फिरायला जाताना.”

“मग नको ओरडू? बुडाला म्हणजे?”

“सर आहेत ना पाण्यात. तू आपली समोर जाऊन इडली खा. आणि येताना माझ्यासाठी दोन बांधून आण.”