हसणाऱ्यांनी आधी हंडा उचलावा

मे महिन्यात हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्याच्या घरी सुट्टीचे पाहुणे उतरले की दोन-चार दिवसांत बोअरची मोटार जळते. यात नशिबाचा काही संबंध नाही. एरवी चार माणसांना पुरणाऱ्या मोटारीवर चौदा माणसांच्या आंघोळी, धुणी आणि कूलर येऊन पडतात. बोअरचं पाणी खोल गेलेलं, व्होल्टेज त्याहून खाली. वाइंडिंग जळणार नाही तर काय होणार?

मग बाजेवरून सल्ला येतो. ‘टेन्शन घेऊ नका हो, सुट्टी आहे. हसतखेळत घ्या.’

सल्ला देणारा बहुतेक वेळा जावई असतो, नाहीतर पुण्याहून आलेला दीर. डोक्यावर हंडा असलेल्या बाईने असा सल्ला दिल्याचं कुणी ऐकलं आहे?

हसतमुख राहायला माझा विरोध नाही. उलट मी त्याच्या बाजूचा आहे. तोंड पाडून बसल्याने आजवर एकही मोटार सुरू झालेली नाही, आणि वर्षातून एकदा जमलेलं घर एका मोटारीपायी धुसफुसत बसलं तर ती सुट्टी वाया गेली.

पण हसू फुकट येत नाही. कुणाच्या तरी कमरेतून येतं.

मोटार दुरुस्त होते तरी कशी? बोअरवाल्याला फोन. तो ‘येतो’ म्हणतो, ‘कधी’ ते सांगत नाही. तो आला की माणसं दोर धरून उभी राहतात. पाइप एकेक करून वर येतो, सुटतो, अंगणात आडवा पडतो आणि शेवटी चिखलाने माखलेली मोटार बाहेर येते. ती गाडीवर टाकून वसमतला न्यायची. वाइंडिंगच्या दुकानात आधीच्या मोटारी रांगेत, कारण तालुक्यातल्या सगळ्याच घरी पाहुणे आहेत. दुरुस्त करून आणावी, तर तोवर गावातली डीपी जळालेली.

दोन दिवस गेले समजा. या दोन दिवसांत घराची परीक्षा होते.

अशा घरातली आजी काय म्हणते, ते ऐकण्यासारखं असतं. ‘लेकराहो, मोटारीचं मंग बघू. आधी हौदात किती हाय ते बघा.’ कुणीतरी काठी बुडवतं, ओली खूण दाखवतं आणि दहा मिनिटांत राज्य सुरळीत चालू होतं. प्यायला जार आणायचे. धुणं बंद. आंघोळीला माणशी एक बादली, मग तो जावई असो की व्याही. शेजारी भिंतीवरून त्यांच्या बोअरची नळी टाकतात आणि वर चहाला बोलावतात. पोरं कळश्या घेऊन रांग लावतात, अर्धं पाणी एकमेकांच्या अंगावर सांडतात, ओरडा खातात आणि पुन्हा रांगेत येतात.

हीच ती सुट्टी. टोकाईच्या गडावर काढलेले फोटो विसरले जातील, पण हा गोंधळ पोरांच्या ध्यानात राहील.

मात्र तो गमतीचा ठरला कारण काम वाटलं गेलं. ज्या घरात पुरुष मोबाइलवर ‘मोटार कशी जळते’ याचा व्हिडिओ बघत बसतात आणि मामी एकटी पंधरावी खेप आणते, तिथेही हसू ऐकू येतं. फक्त ते मामीचं नसतं.

आणखी एक. प्रत्येक बिघाड हसण्यावारी न्यायचा नसतो.

कूलरला हात लावला आणि ‘झिणझिण्या आल्या’ असं कुणी म्हणालं की घरभर हशा पिकतो. ‘चप्पल घालून जा’ म्हणतात. कसला हशा? पत्र्याच्या कूलरमध्ये करंट उतरला आहे, घराला धड अर्थिंग नाही आणि फरशी ओली आहे. दर उन्हाळ्यात मराठवाड्यात आणि विदर्भात या झिणझिण्यांनी माणसं जातात, त्यात सुट्टीला आलेली लेकरंही असतात. पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिन काढायची. झटका बसला तर कूलर बाजूला ठेवून वायरमनला बोलवायचं. एक रात्र गच्चीवर झोपलं तर काय बिघडतं?

इथे चेष्टा करणाऱ्याला मोठ्यांनी दटावलं पाहिजे, जावई असला तरी.

भूकंपाचं थोडं वेगळं आहे. २१ मार्च २०२४ च्या पहाटे आणि मग १० जुलैच्या सकाळी हिंगोली जिल्हा हादरला. दोन्ही धक्के ४.५ तीव्रतेचे, दोन्हींचं केंद्र कळमनुरी तालुक्यात. वसमत तालुक्यातल्या पांग्रा शिंदेकरांना तर जमिनीतल्या गूढ आवाजांची वर्षानुवर्षांची सवय. मांडणीवरची भांडी वाजली, माणसं अंगणात आली, एकमेकांचे अवतार पाहून हसली. हसावंच. भीती उतरवायला त्याहून चांगला उपाय नाही.

आणि हसून झालं की पत्र्यावरचे दगड उतरवावेत. मार्चच्या धक्क्यानंतर नांदेडच्या प्रशासनाने नेमकं हेच आवाहन केलं होतं. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून ठेवलेला दगड धक्क्याने खाली आला, तर तो कुणाच्या डोक्यात पडेल? किती घरांनी उतरवले? आपापल्या छताकडे बघा.

आता ज्याच्यावर हसताच येत नाही, ते.

८ जुलै २०२२ च्या रात्री असा पाऊस कोसळला की आसना नदीला पूर आला आणि कुरुंद्यात, किन्होळ्यात घराघरांत पाणी शिरलं. १० तारखेला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी होती. दोन्ही सणांच्या तयारीतलं गाव चिखल उपसायला लागलं. मुख्यमंत्र्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना फोन करून मदतीच्या सूचना दिल्या. बातमी झाली.

अशा वेळी बाहेरचे लोक गावाच्या हिमतीचं कौतुक करतात. ‘एवढं होऊनही चेहऱ्यावर हसू’ असं छायाचित्राखाली लिहितात. त्या माणसाला रडायला सवड मिळाली होती का, हे कुणी विचारतं?

हिंमत गावाची होतीच. पण हिमतीने गहू वाळत नाहीत.

मोटार जळते तेव्हा खिशातून पैसे जातात आणि घर उभं राहतं, म्हणून हसू परवडतं. पूर येतो तेव्हा वर्षाची बेगमी, अंथरूण-पांघरूण, लेकरांची दप्तरं एका रात्रीत जातात. तिथे ‘हसत सामोरे जा’ म्हणणं हा सल्ला नव्हे, अंग काढून घेणं आहे. तिथे मदत लागते, ती वेळेवर लागते आणि पुरेशी लागते.

मदतीचा हिशेब असा. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांप्रमाणे घरच पडलं किंवा वाहून गेलं नसेल, तर कपड्यांचे २,५०० आणि भांडीकुंडी-सामानाचे २,५०० रुपये मिळायला घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असावं लागतं. ही अट शिथिल करायची तर राज्याला वेगळा निर्णय काढावा लागतो. आसनेसारख्या नदीचं पाणी रात्रीत चढतं आणि उतरतंही. तेवढ्यात कोठीतलं धान्य भिजतं, गाद्या सडायला लागतात, पीठ चिखल होतं.

ही अट कायमची काढून टाका. गव्हाचं पोतं नासायला दोन दिवस लागतात, असं कोणत्या घरात बघितलं?