रुपेरी रक्ताची पोट्टी

"ताई, आयकलं का? आमच्या पोट्टीनं दोन दिसांपासून मैत्रिणीसंग बोलनं सोडलं. अन् भांडन कायचं, तं म्हने एका राजकुमाराचं!"

वहिनी कंपाउंडच्या भिंतीपलीकडून पापडांवरची कावळ्याची नजर चुकवत बोलत होत्या. मला प्रकरण ठाऊक होतं, कारण पुस्तक माझ्याच घरून गेलं होतं. भाचीनं पुण्याहून आणलेलं 'रेड क्वीन'. व्हिक्टोरिया अव्हेयार्ड या अमेरिकन लेखिकेची 2015 ची पहिलीच कादंबरी, पुढं 2018 पर्यंत तिचे आणखी तीन भाग आले. मुखपृष्ठावर उलटा रुपेरी मुकुट आणि त्यातून ठिबकणारं रक्त. वहिनींना वाटलं होतं, भुताचं असेल.

"भुताचं नाही हो. त्या राज्यात माणसं दोनच जातीची. लाल रक्ताची राबणार, रुपेरी रक्ताची राज्य करणार. रुपेरी लोकांच्या अंगात शक्ती; कुणी आग खेळवतं, कुणी दुसऱ्याच्या मनात शिरतं. एक लाल रक्ताची पोरगी, मेअर, पाकिटं मारून घर चालवणारी. ती राजाघरी कामाला लागते आणि भर समारंभात तिच्या हातातून वीज निघते. आता हे लोकांना कळलं तर लाल माणसं गप्प बसतील का? मग राजा-राणी ठोकून देतात, ही मेलेल्या सेनापतीची हरवलेली लेक, मरीना. वर धाकट्या राजपुत्राशी सोयरीक."

"अन् बोट कापलं तं?"

"तेच तर! खरचटलं तरी बिंग फुटणार. गालावर लाली दिसू नये म्हणून तोंडाला रंग थापतात तिच्या."

वहिनी खळखळून हसल्या. "आपल्याइकडं एवढा खटाटोप नाही लागत वं माय. आडनाव सांगतलं का झालं. आडनावावरून नाही समजलं तं गाव इचारतेत, गावावरून नाही समजलं तं मामाचं आडनाव."

दहावीच्या या चार-पाच जणी दुपारी आमच्या ओट्यावर जमतात. जिचं इंग्रजी बरं ती वाचते आणि मराठीत सांगते, बाकीच्या मधेमधे तिला थांबवून वाद घालतात. वहिनींची लेक पहिल्यापासून धाकट्या राजपुत्राच्या, मेव्हनच्या बाजूनं. बिचारा मुखदुर्बळ, थोरल्याच्या सावलीत वाढलेला. शेवटी त्यानंच दगा दिला! त्यावर मैत्रीण म्हणाली, "मले तं पहिलेच वाटलं होतं." झालं. दगा देणाऱ्यापेक्षा 'पहिलेच वाटलं होतं' म्हणणारीचा राग जास्त येतो, हे वयाशी काही संबंध नसलेलं सत्य आहे.

दुसरीनं शंका काढली, की कालपर्यंत जी ताटं उचलत होती तिला वाड्यातलं कुणीच कसं ओळखलं नाही? तिसरीनं नखं कुरतडत उत्तर दिलं, "मोलकरनीच्या तोंडाकडं कोन पाह्यते?"

आणि एक मानोऱ्याकडची, पोहरादेवीजवळच्या तांड्यावरची. घरी गोरमाटी, शाळेत मराठी, ट्यूशनला इंग्रजी. तिला ना थोरल्याचं कौतुक ना धाकट्याचं. मेअरला वाड्यात चालायला-बोलायला शिकवतात ना, तेवढीच पानं तिनं परत वाचून घेतली. मग म्हणाली, "होस्टेलात मले म्हन्तेत, तू तं बंजारा वाटतच नाहीस. याच्यावर खुश व्हाव का नाही, तेच समजत नाही." ओट्यावर त्या दिवशी पुढं वाचन झालं नाही.

"ते ठीक," वहिनी म्हणाल्या, "पन असे प्रेमाचे पुस्तकं वाचून पोट्ट्या बिघडतीन नाही का?"

"ही काळजी जुनी आहे. रिसबुडांची 'मंजुघोषा' कादंबरी 1868 ची. अद्भुत, शृंगार, सगळं ठासून भरलेलं. चारच वर्षांनी का. बा. मराठ्यांनी कादंबऱ्या-नाटकांना धारेवर धरणारा निबंध लिहिला. आणि त्याहून जुनं हवं असेल तर आपल्या वाशिमातच या."

मग मी त्यांना राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'तली गोष्ट सांगितली. राजशेखर हजारेक वर्षांपूर्वी कनोजच्या दरबारी होता. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष, आईवर रुसून घर सोडून निघतो. त्याला बांधून ठेवायला गौरी एक वधू निर्माण करते, साहित्यविद्या. ती त्याच्या मागं मागं; पूर्वेला गेली तर एक वेश, पांचालात दुसरा, अवंतीत तिसरा. त्या त्या देशातल्या बायका तिचाच पोशाख उचलतात, पण हा पठ्ठ्या काही लवकर विरघळत नाही. विरघळतो दक्षिणेत. आणि गांधर्व विवाह होतो तो विदर्भातल्या वत्सगुल्मात. म्हणजे आपल्या वाशिमात. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती.

"म्हंजे मायबापाले न इचारता लगन! अन् वाशिमात!" वहिनींचा पापड हातातच राहिला.

ही गोष्ट मी पोरींनाही सांगितली होती. मला वाटलं, गावाचं नाव ऐकून हरखतील. एकीनं विचारलं, "तिनंच काहून कपडे बदलाचे? त्यानं काहून नाही?" तांड्यावरचीनं त्याच्याही पुढचं विचारलं, "तिले कोनी इचारलं का, हा पोरगा तुले पसंत हाये का म्हनून?" राजशेखरावर पुस्तकं लिहिणाऱ्या पंडितांपुढं हे दोन प्रश्न ठेवावेत असं माझ्या मनात आहे.

वहिनी जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग भिंतीवर कोपरं टेकून, आवाज उतरवून म्हणाल्या, "ते जाऊ द्या. तो धाकटा मंग मेला का नाही, तेवढं सांगा. पोट्टीले नाही सांगत मी."

"चौथ्या भागापर्यंत दम धरा."

"चार भाग! अन् पापड कोन लाटन?"