सावित्रीनं नेलेलं दप्तर

कापडे-पोलादपूर पट्ट्यात ठेवी दामदुप्पट करून देतो म्हणणाऱ्या साहेबांकडे ठेवीदारानं कोर्टात हिशेबाची वही मागितली की ती महापुरात वाहून गेलेली असते. महापूर म्हणजे 22 जुलै 2021 चा. पहिल्या तारखेला साहेबांचे वकील मुदत मागतात, दुसऱ्या तारखेला ‘कागद शोधणे चालू आहे’ असा अर्ज येतो आणि तिसऱ्या तारखेला सावित्री नदी दाव्यात सामील होते. तिला समन्स नाही, तिचा वकालतनामा नाही, तिचं म्हणणं कोणी घेत नाही, पण सगळी जबाबदारी तिच्यावर. कापड्याच्या एका ठेवीदार म्हातारीच्या हातातली पावती 2022 च्या शिमग्यातली आणि तिची नोंद असलेली वही मात्र 2021 च्या आषाढातच वाहून गेलेली, हे दोन्ही एकाच फायलीत सुखानं नांदतं. यंदाच्या ठेवी गेल्या वर्षीच्या पुरात बुडवायच्या, ही खरी योजना. दामदुप्पट ही नुसती जाहिरात.

या पाण्याची निवड पाहण्यासारखी असते. त्यानं ठेवीदारांची यादी नेली, व्याजाचा तक्ता नेला, एजंटांच्या कमिशनचं रजिस्टर नेलं. त्याच कपाटातला साहेबांच्या बायकोच्या नावचा सातबारा मात्र कोरडा, बंगल्याचं खरेदीखत कोरडं, आणि कुठल्याशा पुरस्काराचं फ्रेम केलेलं सन्मानपत्र तर खिळ्यावरून हललंसुद्धा नाही. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं म्हणावं, तर पाणी जिना चढून वर आलं, पॅन कार्डाची झेरॉक्स अलगद बाजूला सारली, नेमकी वही उचलली आणि आलं तसं खाली उतरलं. बरं, रोखीनं घेतलेले सोडले तर बाकीचे पैसे बँकेतून आले. बँकेचा सर्व्हर काही सावित्रीच्या काठी नसतो. प्राप्तिकराचं विवरणपत्र ऑनलाइन भरलेलं असतं. एजंटांनी वसुलीचे आकडे रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेले असतात. पण साहेबांच्या पुराला तिथंही मज्जाव नाही. तो ईमेलच्या इनबॉक्सात शिरतो आणि ‘पासवर्ड विसरलो’ एवढाच गाळ मागे ठेवतो. इकडे कापड्यात पावसाळाभर भिंतींना ओल असते, आणि तिथं ती गुलाबी पावती टिकते. कार्बनचे पुसट आकडे, जांभळा शिक्का, भावकीतल्याच एजंटाची सही. वर दुधाची पिशवी, पिशवीला रबरबँड, आणि हे सगळं पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या घडीखाली. दुधाच्या पिशवीला जे जमलं ते साहेबांच्या एसी ऑफिसला जमलं नाही.

दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 सालची. तिच्या आदेश 11 मध्ये समोरच्याला लेखी प्रश्न विचारायची, त्याच्याकडचे कागद उघड करून घ्यायची आणि ते तपासायची सोय आहे. कोर्टाच्या परवानगीनं पाठवलेल्या प्रश्नांना प्रतिज्ञापत्रावर उत्तर द्यायला मुदत दहा दिवसांची. कागदांच्या प्रतिज्ञापत्राचा तर नमुनाच संहितेच्या परिशिष्टात छापलेला आहे. त्यात हाताशी असलेल्या कागदांची यादी द्यायची असतेच. शिवाय जे कागद पूर्वी होते पण आता नाहीत ते आपल्याजवळ शेवटचे कधी होते, त्यांचं काय झालं आणि आता कोणाकडे आहेत, हेही शपथेवर लिहायचं असतं. नमुना करणाऱ्याला सावित्रीचा पूर ठाऊक नसेल, साहेब नक्की ठाऊक होते. वही वाहून गेली? गेली असेल. कुठल्या कपाटातून गेली, कोणत्या दिवशी गेली, तोवर तिच्यात शेवटची नोंद कोणत्या तारखेची होती, हे लिहा आणि खाली सही करा. ही सही टाळण्यासाठीच तर अर्जांमागून अर्ज येतात. मुदतीच्या अर्जावर वकिलाची सही चालते; प्रतिज्ञापत्रावर साहेबांची लागते, आणि ते खोटं निघालं तर फौजदारी मागे लागते.

कोणी म्हणेल, पूर तर खरा होता. होताच. महाडच्या बाजारपेठेत गाळ भरला, तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडीत दरडींनी माणसं गिळली. संताप येतो तो याचमुळे, की त्या दिवसाचं नाव घेऊन कोणी आपलं रजिस्टर लपवतो. ज्या व्यापाऱ्याच्या वह्या खरोखर भिजल्या त्यानं पंचनामा करून घेतला, भरलेली विवरणपत्रं पुन्हा छापली, मुंबईच्या होलसेलवाल्याकडून आपल्या खात्याचा उतारा मागवला. ज्याचा कागद हरवतो तो नक्कल शोधतो. ज्याला तो हरवायचा असतो तो पुढची तारीख शोधतो. याच सावित्रीनं 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशांच्या काळातला पूल नेला, आणि पुढच्या जूनमध्ये तिथं नवा पूल सुरूही झाला. नदीत पाया घालून पूल उभा राहतो तेवढ्या अवधीत साहेबांना बँकेतून एक खातेउतारा आणता येत नाही.

दुसरा आक्षेप कायदेपंडितांचा. आदेश 11 च्या नियम 21 प्रमाणे, कोर्टाचा हुकूम होऊनही कागद न दाखवणाऱ्या प्रतिवादीचा बचाव काढून टाकता येतो. मग तो दाव्यात बचाव न केल्यासारखाच उभा राहतो. हे फार कठोर आहे, असं पंडित म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानंही 1978 मध्ये सांगितलं आहे की हे अखेरचं हत्यार, हट्टानं आणि जाणूनबुजून हुकूम मोडला तरच उपसायचं. मान्य. पण 2022 च्या नोंदी 2021 मध्ये बुडवल्यानंतर हट्टात आणखी काय करायचं राहतं? शिवाय तोच नियम वादीलाही लागू आहे. म्हातारीनं हुकूम मोडला तर तिचा दावा फेटाळला जातो आणि त्याच कारणावर नवा दावाही लावता येत नाही. तिच्या वाट्याच्या कठोरपणाबद्दल कोणी हळहळल्याचं ऐकिवात नाही. आणि साहेबांवर कठोरपणा होतो तरी कुठे? आदेश 17 म्हणतो, एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुबी नकोत. प्रत्यक्षात तिसऱ्या तहकुबीला साहेबांचा नुसता घसा साफ होतो. फार झालं तर खर्च म्हणून पाचशे रुपये बसतात, आणि साहेब ते म्हातारीच्याच पैशांतून भरतात. तिचा मुलगा मात्र डोंबिवलीहून रजा टाकून रात्रीच्या एसटीनं येतो, सकाळी अकरापासून व्हरांड्यात उभा राहतो आणि दुपारी नवी तारीख लिहून घेऊन परततो. त्याचा खाडा कुठल्याच रोजनाम्यात चढत नाही. वर त्याला ऐकवायचं, ‘लोभ केलात ना, भोगा आता!’ वर्षाला एकदा भात पिकणाऱ्या गावात चार पैसे वाढावेत असं वाटणं हा लोभ, आणि ते पैसे गिळून वही बुडवणं हा धंदा? ठेवीदार लोभी असेल तर हिशेब दाखवायला नको, असं कुठल्या कलमात लिहिलंय? कायदा उलटच सांगतो. हाती असून न दाखवलेला पुरावा दाखवला असता तर दडवणाऱ्याच्याच विरुद्ध गेला असता, असं कोर्टाला धरून चालता येतं. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 114 खाली होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते 119 खाली आहे. क्रमांक बदलला, वही दडवणारा तोच राहिला.

तेव्हा ठेवीदारांच्या वकिलांनी पाणी किती फूट चढलं होतं यावर वाद घालत बसू नये. तो परिशिष्टातला नमुना पुढे करावा, त्यावर हुकूम घ्यावा आणि हुकूम मोडला की त्याच दिवशी नियम 21 चा अर्ज टाकावा. साहेब एवढ्यानं नमणार नाहीतच. पुढच्या तारखेला त्यांच्या छातीत दुखेल, आणि ज्यांना इतक्या तारखांत एक कागद सापडला नाही त्यांच्याकडून डॉक्टरचं सर्टिफिकेट मात्र अकराच्या ठोक्याला, मूळ प्रतीत, सही-शिक्क्यासह हजर होईल. साहेबांना कागद वेळेवर हजर करता येतात, याचा तेवढा एकच पुरावा ते आपण होऊन देतात. कोर्टानं तो निशाणी घालून ठेवून घ्यावा.