कोयत्याची जात पडताळणी

हाताने घडवलेलं पातं ही कला की अवजार, यावर परिसंवाद भरवून चहा-बिस्किटं वाया घालवू नका. सरकारने हा वाद कागदोपत्री कधीच मिटवला आहे.

ऊसतोडीच्या तोंडावर कराडच्या आसपास रस्त्याकडेला घिसाड्याचं पाल पडतं. नवरा ट्रकच्या जुन्या पाट्याचा लालबुंद तुकडा सांडशीत धरतो, बायको त्यावर घण घालते. पाणी कधी पाजायचं, हे तापल्या लोखंडाच्या रंगावरून ठरतं. जरा चुकलं की धार एकतर तुटते, नाहीतर वळते. हेच कुठल्या कला महाविद्यालयात शिकवलं असतं, तर पालकांनी फीसाठी कर्ज काढलं असतं.

तरी या कोयत्याला कलाकृती म्हणू नका, गोत्यात याल. शेतीच्या हाती अवजारांना जीएसटी शून्य. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब पातं म्हणजे हत्यार. सूट फक्त घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या पात्यांना. या यादीत कला नाही! म्हणजे उसाच्या फडात कोयता निर्दोष. निव्वळ दिवाणखान्याच्या शोभेसाठी घडवलात, तर वकील बघून ठेवा. पुण्यात कोयता गँगच्या कृपेने 2023 मध्ये कोयता घ्यायला आधार कार्ड मागू लागले. बिचाऱ्या नारळवाल्यालाही ओळख पटवणं आलं.

मुळात माणूस फाडायलाच बनलेली वाघनखं मात्र जुलै 2024 मध्ये लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात आली, ती काचेत आणि कडेकोट बंदोबस्तात. पुण्याच्या केळकर संग्रहालयात नक्षीदार अडकित्ते आहेत. तिथे सुपारी मागून पाहा. पात्याला कलेचा दर्जा हवा असेल तर त्याने आधी काम सोडलं पाहिजे, आणि घडवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसलं तर उत्तमच.

जिवंत कारागिरासाठी 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. अठरा व्यवसायांत लोहार वेगळा, अस्त्रकार वेगळा. सरकारी फोड चोख. प्रमाणपत्र मिळतं, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदतही. फक्त लाभ एका कुटुंबात एकालाच. तेव्हा पालातल्या जोडप्याने आधी घरात ठरवावं, लोहार कोण: सांडशी धरणारा की घण घालणारी?