भावी भाडेकरू

वय तेहतीस, नोकरी शोलिंगनल्लूरच्या एका आयटी कंपनीत, मुक्काम चेन्नईच्या साहुकारपेठेत आईवडिलांकडे. पत्ता विचारला की म्हणतो, ‘‘सध्या हाच लिहून घ्या.’’ हे ‘सध्या’ नोकरी लागल्यापासून चालू आहे. आम्ही त्याला भावी भाडेकरू म्हणतो. तोंडावर म्हणतो, त्याला आवडतं.

घर गलाईवाल्याचं. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं देशभर जिथे सराफांची पेठ तिथे भट्टी लावून बसली, जुनं सोनं गाळून शुद्ध करून द्यायला; तशीच मद्रासलाही आली. वडील, म्हणजे आण्णा, मिसरूड फुटायच्या आत एका पिशवीत दोन सदरे आणि गाववाल्याचा पत्ता घेऊन आले आणि भट्टीशेजारीच झोपले. घर सोडायची तयारी त्यांनी केली नव्हती, ती दुष्काळाने परस्पर केली होती. त्यामुळे मुलगा साहुकारपेठेतून शोलिंगनल्लूरला, म्हणजे पंचवीसेक किलोमीटरवर, जायचं नऊ वर्षं प्लॅनिंग करतोय म्हटल्यावर ते एवढंच विचारतात, ‘‘वाटंत नदी हाय का रं?’’

‘‘दोन आहेत, आण्णा. कूवम आणि अड्यार.’’ हे तो गंभीरपणे सांगतो.

त्याचा एक तक्ता आहे. त्यात पहिली ओळ अॅडव्हान्सची. चेन्नईत दहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायची जुनी रीत. पंधरा हजारांची जागा म्हटली की दीड लाख आधी मालकाच्या खिशात. तमिळनाडूचा २०१७ चा भाडेकरू कायदा २०१९ च्या फेब्रुवारीत लागू झाला आणि अनामत तीन महिन्यांच्या भाड्यावर आली, अर्थात दोघांनी वेगळं ठरवलं नसेल तर. हे ‘नसेल तर’ कुठल्या कलमात आहे ते त्याला पाठ. मालकांना पाठ असायची गरज नाही, ते वेगळंच ठरवतात. पुढच्या ओळींत दलालाचं एक महिन्याचं भाडं, सोडताना रंगकामाच्या नावाखाली कापला जाणारा महिना, पिण्याच्या पाण्याचे कॅन. वीजबिल दोन महिन्यांनी येतं आणि पहिली शंभर युनिटं सरकारकडून फुकट. पण मालकाने पोटमीटर बसवला असेल तर ती शंभर कुणाची, यावर तक्त्यात स्वतंत्र टीप आहे.

पैसे कमी आहेत असं मात्र नाही. ते सोन्यात आहेत, आणि गलाईवाल्याच्या पोराने दुसऱ्या कशात ठेवावेत? आण्णा तोळ्यात मोजतात, चेन्नई आठ ग्रॅमच्या सवरनमध्ये, हा दोन्हींत. अॅडव्हान्सपुरतं सोनं कधीच जमलं. पण भाव चढता असला की आत्ता विकायचं कशाला, आणि पडला की आत्ता विकायचं कसं? या दोन प्रश्नांच्या मध्ये जो दिवस सापडेल त्या दिवशी तो घर घेणार आहे.

तोवर मुहूर्त. जुलैच्या मध्यापासून आडी महिना, त्यात इथे कुणी घर बदलत नाही. मग आपला पितृपंधरवडा. मग पावसाळा, आणि २०१५ च्या डिसेंबरातला पूर पाहिलेला माणूस पावसाळ्यात तळमजल्याचं घर बघायला जात नाही. पाठोपाठ मार्गळी महिना, की जानेवारीच्या मध्यापर्यंत पुन्हा बंद. पुढे गावची जत्रा. मेमध्ये अग्निनक्षत्राचं ऊन आणि पाण्याच्या लॉऱ्या. आईने तमिळ आणि मराठी अशी दोन्ही पंचांगं पाळायला घेतली आहेत. कुठल्याही एकात अडलं तरी तिला पुरतं.

बरं, सोडायचं ते घर तरी कुठलं? इथे दोन खोल्यांत सहा माणसं. गावाकडे आण्णांनी बांधलेला दोन मजली बंगला, ग्रॅनाइटचा जिना, वरच्या मजल्यावर अजून प्लास्टिक न काढलेला सोफा. जत्रेला कुलूप निघतं, जत्रेनंतर लागतं. खानापूरकडे असे बंगले ओळीने दिसतील. ‘‘घर सोडतो म्हणतुयास,’’ आण्णा विचारतात, ‘‘पर त्यात ऱ्हायलास कवा?’’

शिवाय त्या तक्त्याची घरात सगळ्यांना माहिती आहे, आणि माझ्या मते खरी गोची तिथे आहे. भट्टीचा ब्लोअर जळाला, घरातल्या कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, बहिणीची फी भरायची राहिली, की उसने त्या अॅडव्हान्सच्या पैशांतूनच. बोली एकच: ‘तू जाशील तवा देऊन टाकतो.’ म्हणजे तो गेला की घरादाराला कर्ज फेडावं लागणार. त्याच्या जाण्याला विरोध असा कुणाचाच नाही. फक्त ‘एवढी काय घाई?’ इतकंच, आणि तेही पानात तिसरी भाकरी वाढताना.

मधल्या मधे बहिणीला कोइमतूरला नोकरी लागली. चौथ्या दिवशी ती निघाली, आडी महिन्यात, याच्याच पैशांवर. हा सोबत गेला. मालकाला चोख तमिळमध्ये विचारलं, ‘२०१९ ला बोअर आटली होती का? मीटर कुणाच्या नावावर?’ मग कलम म्हणून दाखवलं आणि दहा महिन्यांचा अॅडव्हान्स चारवर आणला. मालक म्हणाला, एवढी घरं बदललेला माणूस पहिल्यांदाच पाहतोय.

त्या दिवसापासून पेठेतल्या मराठी घरांत त्याची कीर्ती झाली. कुणाचं पोर वेगळं व्हायचं म्हणालं की आधी याच्याकडे येतं. रविवारी सकाळी हा दुसऱ्यांची घरं बघायला जातो, नळ सोडून बघतो, भिंतीला ओल कुठे आहे ते हाताने चाचपतो, दलालाला फोनवर झापतो. शोलिंगनल्लूरला कंपनीपासून चालत दहा मिनिटांवरची एक जागा त्याने गेल्याच आठवड्यात पक्की केली. पूर्वेची खिडकी, गोडं पाणी, तीनच महिन्यांचा अॅडव्हान्स. माझा भाचा पुढच्या महिन्यात तिथे राहायला जातोय.