नवसाचा सायकलवाला

डब्लिनच्या नोकरीतून डिसेंबरात भालकीला घरी आलेला हा मुलगा लगेच ओळखू येतो. दारात मोटार उभी असते, तरी पहाटे हा डोक्याला हेल्मेट आणि बुडाला गादी शिवलेली तंग चड्डी घालून सायकलवर टांग टाकतो. बीदर, हुमनाबाद, कलबुर्गी, मग गाणगापूर. आजीचा जीव कळवळतो : "एवढं शिकून लेकराच्या नशिबी सायकलच का रे?"

बीदरला तो महमूद गवानचा १४७२ सालचा मदरसा बघतो, म्हणजे सायकल पुढे उभी करून फोटो काढतो. किल्ल्यातही तेच. बहमनींनी कलबुर्गीची राजधानी इथं हलवली, ती याच्या सायकलीमागे शोभावी म्हणूनच!

हुमनाबादच्या टपरीवर आयर्लंड सुरू होतं. "तिकडं वेस्टपोर्ट ते अ‍ॅकिल रेल्वे १९३७ साली बंद पडली, तर त्यांनी त्याच मार्गावर सायकलींचा रस्ता केला. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र!" बाकावरचे म्हातारे दचकतात. "बाबा, आम्हाला बीदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ला मिळाली. हे स्टेशनात कुणाला सांगू नको."

कमलापुरात लाल केळ्यांच्या ढिगापुढे उभा राहून तो खिशातून परदेशी पुडी काढतो आणि आतला चिकट गोड रस चोखतो. केळीवाली हळूच शेजारणीला म्हणते, "औषध चालू हाय वाटतं."

गावोगाव एकच चौकशी : गाडी बिघडली का? पैज लागली का? तो व्यायाम सांगतो, प्रदूषण सांगतो. पटत कुणालाच नाही. शेवटी कुणीतरी विचारतं, "गाणगापूरचा नवस हाय का?" दमलेला हा म्हणतो, "हो."

मग काय! चहाचे पैसे कुणी घेत नाही. भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून मिळते. चढावर टेम्पोवाला थांबतो. "नवस पायी यायचा तर नाही ना? मग चढव सायकल." गाणगापुरात दुपारी भक्तांबरोबर हेल्मेट पुढे करून हा माधुकरीही मागतो आणि पोटभर जेवतो.

रात्री नकाशासकट फोटो झळकतो : 'कुणाच्याही मदतीशिवाय, निव्वळ स्वतःच्या पायांवर!'

त्यावर पहिला अंगठा टेम्पोवाल्याचा असतो.