बिनपत्त्याचं टपाल

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून, सेनेगलच्या आसपास, मोसमात दर तीन-चार दिवसांनी हवेची एक लाट अटलांटिकवर उतरते. वर्षाला साधारण साठ. त्यातल्या बहुतेक लाटा कुणाच्या अध्यात ना मध्यात, वाटेतच विरून जातात, आणि जगाला त्यांची खबरही नसते. अपवाद फक्त आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका निवृत्त पोस्टमनचा. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात आयुष्यभर त्यांनी दारोदार पत्रं वाटली. हवामानशास्त्राचा एक धडाही कुठे गिरवला नाही. पण जूनची पहिली तारीख उजाडली की त्यांच्या चालीत फरक पडतो. अटलांटिकचा वादळी मोसम सरकारी हिशेबानं १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. मधले सहा महिने हा माणूस मनानं समुद्रावर असतो.

पूर्वी इथली वाणसामानाची दुकानं कागदी पिशव्यांवर अटलांटिकचा नकाशा छापून देत, अक्षांश-रेखांशांच्या चौकटींसकट, म्हणजे गिऱ्हाइकानं भाजी काढून घेतली की पिशवीवर वादळ मांडावं. शेजारीबुवांनी त्या पिशव्यांचा गठ्ठा जपून ठेवला आहे. मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचं पत्रक दिवसातून चार वेळा निघतं: पहाटे पाचला, सकाळी अकराला, संध्याकाळी पाचला, रात्री अकराला. आपल्याकडे संध्या त्रिकाळ करतात, यांची चौकाळ. पत्रक आलं की ते कानामागची पेन्सिल काढतात. पेन्सिल आता बोटाच्या पेराएवढीच उरली आहे आणि तिच्या बुडाचं रबर झिजून पत्रा लागलाय. दोन शेपट्यांचं एक चिन्ह काढायचं. साधं वादळ असेल तर पोट मोकळं ठेवायचं, वारा ताशी ११९ किलोमीटरवर गेला की पोट भरायचं. हे पोट भरणं ते फार सावकाश करतात.

मी एकदा त्यांना विचारलं, एवढं काय असतं त्यात? ते म्हणाले की पत्ता नसताना निघालेलं टपाल त्यांनी उभ्या नोकरीत हातात धरलेलं नाही. हे एवढं मोठं पार्सल तिकडून निघालंय, वाटेत जाडजूड होत चाललंय, आणि कुणाच्या दारात पडायचं ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही. त्यांची झोप उडते ती धंद्याच्या सवयीनं.

असे लोक या किनाऱ्यावर जागोजागी आहेत. दातांचे डॉक्टर आहेत, शाळेच्या बसचे ड्रायव्हर आहेत, आमच्या मराठी मंडळातही एक आहेत. गणपतीच्या महाप्रसादाला मसालेभात वाढता वाढता ते हवामानाच्या अंदाजाच्या मॉडेलांविषयी बोलतात. एक अमेरिकेचं जीएफएस, एक युरोपचं, ज्याला सगळे नुसतं 'युरो' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावं घराण्यांची चर्चा चालली आहे. युरोची बैठक कशी, २०१२ साली सँडी वादळ डावीकडे वळणार हे त्यानं कितीतरी आधी कसं ओळखलं, आणि जीएफएस हल्ली तान चांगली घेतं पण समेवर येताना गडबडतं. स्वतःला एक सूर लावता येत नसताना गाण्यावर जीव टाकणारे श्रोते आपण पाहिलेत. हे त्यांचेच चुलतभाऊ.

या मंडळींची खरी पंचाईत निराळीच असते. हरिकेन केंद्राच्या नकाशावर आधी पिवळा डाग येतो, मग नारिंगी, मग लाल. डागाला नंबर मिळतो, ९८-एल असा काहीतरी. डाग गडद होऊ लागला की यांचे डोळे चमकतात, आणि पुढच्याच क्षणी आपले डोळे चमकले याची लाजही वाटते. वादळ व्हावं, चांगलं घडीव व्हावं, मधला डोळा रेखीव उघडावा, आणि मग कुणाच्या कौलाला धक्का न लावता समुद्रातल्या समुद्रात माशांना दर्शन देऊन विरून जावं, अशी यांची मागणी. देवाकडे इतकं नेमकं मागणं मागणारा भक्त मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात कॅरिबियन समुद्रात असाच एक डाग लाल झाला. वादळांच्या नावांच्या सहा याद्या आहेत, आलटून पालटून सहा वर्षांनी तीच यादी येते. एकेकीत एकवीस नावं. १९५३ पासून पंचवीसेक वर्षं सगळी बायकांचीच होती, १९७९ पासून पुरुषही रांगेत आले. त्या वर्षी पुढचं नाव होतं हर्मिन. आमच्या गल्लीत दोन दिवस हर्मिन, हर्मिन चाललं होतं. समोरच्या बाईंनी तर तिच्यावर आधीच डूख धरला होता. हर्मिनमुळे नातीचा वाढदिवस पुढे ढकलावा लागणार म्हणून. आणि २३ सप्टेंबरला संध्याकाळी पाच वाजता कुठल्या कुठे आफ्रिकेजवळ दुसऱ्याच एका डागानं आधी बाळसं धरलं आणि हर्मिन हे नाव पटकावलं. रात्री अकराला आमच्या वादळाचं बारसं झालं तेव्हा पाळण्यात इयान. शेजाऱ्यांनी पिशवीवरचं हर्मिन खोडलं. रबर नव्हतंच, कागद फाटला. तिकडची हर्मिन एक-दोन दिवसांत मावळलीसुद्धा. समोरच्या बाईंचा राग मात्र नव्या नावावर काही बसेना. पुरुषाच्या नावावर त्यांना तितकं मनापासून चिडता येत नव्हतं, असं त्यांचंच म्हणणं.

मग शंकू आला. वादळाचा अंदाज एका पांढऱ्या शंकूत दाखवतात, आज चिंचोळा, पाच दिवसांनी रुंद. लोकांना वाटतं की तो वादळाचा आकार. तो वादळाचा आकार नव्हेच. गेल्या पाच वर्षांत आपले अंदाज किती चुकले ते मोजून, तीनातल्या दोन वेळा वादळाचं केंद्र ज्याच्या आत राहील एवढा तो आखलेला असतो. स्वतःच्या चुकांचा नकाशा काढून तो रोज चार वेळा गावभर लावणारं सरकारी खातं मला दुसरं माहीत नाही. त्या शंकूच्या बरोबर मध्ये टॅम्पा होतं.

आमच्या घरी तेव्हा सासूबाई आलेल्या होत्या, श्रीवर्धनहून. २६ सप्टेंबरला घटस्थापना. त्याच पहाटेच्या पत्रकात इयान हरिकेन झाला. सासूबाईंनी खिडकीपाशी माती पसरून गहू पेरले आणि दुपारी नवरा त्या खिडकीवर प्लायवूड ठोकायला आला. काचेजवळ काही ठेवायचं नाही म्हटल्यावर घट उचलून घराच्या मध्यावरच्या कोटांच्या कपाटात नेला. व्हॅक्यूम क्लीनर आणि हिवाळी बूट यांच्यामध्ये देवी बसली. शेजारी पाण्याचे कॅन पोचवायला आले होते, ते वाकून बघत राहिले. हे काय, किती दिवसांत उगवतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिसऱ्या दिवशी कोंब, नवव्या दिवशी वीतभर, दरवर्षी. एवढा भरवशाचा नऊ दिवसांचा अंदाज त्यांच्या पाहण्यात नव्हता. त्यांनी टोपी काढली.

या हौशी लोकांचा मूळपुरुष कोण विचाराल तर मी विल्यम रेडफील्डचं नाव घेईन. हा कनेटिकटमधला खोगीर करणारा कारागीर. १८२१ च्या सप्टेंबरात तिथून मोठं वादळ गेलं, त्यानंतर तो पायी प्रवासाला निघाला आणि वाटेत पडलेली झाडं बघत गेला. आपल्या गावाकडची झाडं वायव्येकडे तोंड करून पडली होती. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात पोचला तर तिथली आग्नेयेला. एरवी माणूस मोडलेल्या झाडाला वळसा घालून पुढे जातो. हा विचार करत बसला, आणि वादळ म्हणजे सरळ धावणारा वारा नसून गरगर फिरणारा भोवरा आहे हे दहा वर्षांनी छापून मोकळा झाला. पंडितांशी भांडणंही झाली त्याची, भरपूर. हल्ली वादळात विमानं घालतात. सरकारची दोन जुनी विमानं आहेत, एकाचं नाव कर्मिट आणि दुसरीचं मिस पिगी, लहान मुलांच्या कार्यक्रमातल्या बाहुल्यांवरून ठेवलेली. मृत्यूच्या तोंडात शिरणाऱ्या यंत्राला बेडकाचं नाव देणाऱ्या माणसांवर माझा उगीचच विश्वास बसतो.

सासूबाईंना मात्र यातल्या कशाचंच कौतुक नव्हतं. नवरा त्यांना फोनवर वादळाचा फिरता डोळा दाखवायला गेला तर त्यांनी चष्माही लावला नाही. "मी आतून पाहिलंय," एवढंच म्हणाल्या.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं, भर दुपारी. इथे टॅम्पात तेव्हा रात्रीचे तीन वाजले होते आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पडद्यावर बघत होतो. वाऱ्याचा वेग, डोळ्याची जागा, पुढच्या तासाची दिशा, सगळं आम्हाला ठाऊक होतं. सासूबाई माजघरात जात्याच्या कोनाड्याशी बसल्या होत्या आणि त्यांना फक्त आवाज ठाऊक होता. फोन लागेना तो कित्येक दिवस लागला नाही. वादळाची इतकी खडान्‌खडा माहिती हाताशी, आणि आपल्या माणसाची मात्र काडीचीही नाही, अशी ती रात्र. शेवटी फोन आला तेव्हा त्या स्वतःबद्दल काही बोलल्याच नाहीत. "अगं, वाडीत आकाश दिसतंय," म्हणाल्या. पोफळीच्या वाडीत आकाश कधी दिसत नसतं.

२७ च्या पहाटे इयान क्यूबाच्या पश्चिम टोकावरून गेला आणि सबंध देशाची वीज गेली. जीएफएस त्याला आधी पार पश्चिमेला ओढत होतं, युरो पूर्वेला. दोन्ही घराण्यांचे श्रोते हट्टाला पेटले होते. इयान पूर्वेला सरकला. पत्रकागणिक शंकूचा कणा दक्षिणेकडे झुकू लागला आणि टॅम्पातल्या लोकांच्या आवाजात हळूहळू दम आला. २८ तारखेला दुपारी तीनच्या सुमाराला तो इथून साधारण एकशेचाळीस किलोमीटर खाली, कायो कोस्टा बेटावर चढला. आमच्याकडे उलटंच घडलं. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यानं टॅम्पाच्या उपसागरातलं पाणी बाहेर ओढून नेलं आणि एरवी बोटी चालतात तिथे चिखल उघडा पडला. जाऊ नका, जाऊ नका म्हणून पोलीस सांगत असताना लोक त्या तळावर फिरून आले, कुत्र्यांना घेऊन, फोटो काढत.

तेच पाणी दुसरीकडे चढलं. फोर्ट मायर्स बीचवर पुराचं पाणी घराघरांत शिरलं. सॅनिबेल बेटाचा रस्ता तुटला, पाइन आयलंडचाही. अमेरिकेत दीडशेहून जास्त माणसं गेली. आमच्या गल्लीत संध्याकाळी लोक एकमेकांना भेटून 'वाचलो' म्हणत होते, आणि ते खरंच होतं. नुसतं अर्धं खरं होतं. वादळ वळू दे म्हणून आम्ही सगळ्यांनीच धावा केला होता. वळून ते कुठे जाईल याचा पत्ता त्या प्रार्थनेत कुणीच घातला नव्हता. शेजारी अंगणात आले नाहीत. चार दिवसांनी रस्ते थोडे मोकळे झाले तसे ते गाडीच्या मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या आणि ताडपत्र्या भरून दक्षिणेला गेले. कुणाकडे, असं मी विचारलं. जे दार सापडेल तिथे, म्हणाले.

परत आल्यावर त्यांनी सासूबाईंना पाइन आयलंडच्या आंब्यांच्या बागांबद्दल सांगितलं. मी भाषांतर करत होते. फ्लोरिडात आंबा होतो हे सासूबाईंना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. झाडं मुळासकट पडलीत की वरून मोडलीत, असं त्यांनी दोनदा विचारलं. काही मोडलीत, खोडं उभी आहेत, असं कळल्यावर त्या जरा सैलावल्या. "मग सांग त्यांना, आंब्याला धुमारे फुटतात. पोफळीचा शेंडा गेला की झाड गेलं, पण आंबा परत धरतो. छाटा म्हणावं, आणि दोन पावसाळे कळ काढा." शेजाऱ्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि हे सगळं पिशवीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. पुढच्या खेपेला ते तिथल्या बागवाल्यांना सांगूनही आले म्हणे. त्यांना ते आधीच माहीत असणार. पण टपाल पोचवायचं असतं.

पुढल्या वर्षी मार्चमध्ये जागतिक हवामान संघटनेनं इयान हे नाव कायमचं बाद केलं. फार माणसं मारली की वादळाचं नाव यादीतून काढतात, ते पुन्हा कुठल्या वादळाला मिळत नाही. त्याच्या जागी आता इद्रिस आहे. हर्मिननं असा काहीच कहर केला नसल्यामुळे तिचं नाव तसंच राहिलं आहे, आणि २०२८ च्या यादीत इद्रिसच्या आधी तिचाच नंबर आहे.